डायग्नोसिस माझं झालं, आता भावाला कसं सांगू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या एक ताई, वय ३९, माध्यमिक शाळेत शिकवतात. ३ महिन्यांपूर्वी एडीएचडीचं (लक्ष हवं तिथे टिकत नाही, चंचलपणा-उतावीळपणा असतो, असा लहानपणापासूनचा मेंदूशी संबंधित त्रास) निदान झालं, गोळ्या सुरू आहेत. नवरा म्हणतो, इतकी वर्षं संसार केलासच ना, आता नाव मिळालं म्हणून नवीन काय झालं. धाकटा भाऊ ३३ वर्षांचा, पुण्यात असतो, ४ नोकऱ्या सुटल्या, क्रेडिट कार्डाचं कर्ज आहे, आणि ताईंना त्याच्यात आपलीच सगळी लक्षणं दिसतायत. त्याला कसं सांगू, मदत कशी करू, आणि माझं स्वतःचंच अजून काही जागेवर नसताना मी दुसऱ्याला मदत करू शकते का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण तुमची खरी धाकधूक तिथेच आहे असं वाटलं. हो, करू शकता. पण थोडी करा आणि आधी ठरवून करा. असं का म्हणतेय ते खाली येईलच. मी गेली २४ वर्षं समुपदेशन करतेय आणि त्यातली १३ वर्षं मला स्वतःला एडीएचडी आहे हे माहीत असताना करतेय, त्यामुळे दोन्ही बाजूंचं बोलता येईल.

माझं निदान ४१व्या वर्षी झालं. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत काहीच ठरवलं नाही, म्हणाले पुढच्या वेळी आईंना घेऊन या आणि शाळेची प्रगतीपुस्तकं असतील तर तीही आणा. आईने माळ्यावरच्या ट्रंकेतून काढली. दुसरी ते सहावी, चार वेगवेगळ्या बाईंची अक्षरं आणि शेरा दरवर्षी जवळजवळ तोच, "हुशार आहे. लक्ष देत नाही. वह्या अपूर्ण." एका वर्षी तर "वह्या अपूर्ण"च्या खाली लाल शाईने दोन रेघा. डॉक्टरांनी आईला विचारलं घरी कशी होती, तर आई म्हणाली दळण घेऊन गिरणीत पाठवली की डबा तिथे ठेवून यायची आणि संध्याकाळी पीठ आणायला पाठवली की मैत्रिणीकडे जाऊन हात हलवत परत यायची, एकदा तर डबा ३ दिवस गिरणीतच होता आणि आम्ही ३ दिवस दोन्ही वेळा भात खाल्ला. हे सांगताना ती हसत होती आणि मग एकदम गप्प झाली. म्हणाली, "डब्यावरून मी हिला मारलंय हो, डॉक्टर."

हे मुद्दाम सांगतेय कारण तुमच्या मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. इतकी वर्षं नव्हतं का? होतं. असायलाच लागतं. डीएसएम-५, म्हणजे निदानासाठी जे निकष जगभर वापरतात ते, २०१३ मध्ये आलं, त्यात स्पष्ट आहे की काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आत दिसलेली असली पाहिजेत. त्याआधी ही अट ७ वर्षांची होती. दुर्लक्षाची ९ आणि चंचलपणा-उतावीळपणाची ९ अशी दोन याद्या आहेत, लहान मुलांत एका यादीतली किमान ६ लागतात, १७ वर्षांपुढे ५ पुरतात. आणि ती एकाच ठिकाणी दिसून चालत नाही, घर, कामाची जागा, नातीगोती, किमान दोन ठिकाणी अडचण झालेली लागते. म्हणून चाळिशीत अचानक लक्ष लागेनासं झालं, लहानपणी असं काही नव्हतं, असं कुणी म्हणालं तर चांगला डॉक्टर आधी थायरॉइड बघतो, हिमोग्लोबिन बघतो, बी-१२ बघतो, झोपेत घोरता का, श्वास अडकतो का विचारतो, डिप्रेशन आहे का बघतो, बायकांमध्ये पाळी जायच्या आसपासचा काळ आहे का ते विचारतो. तुमच्या पत्रावरून तुमचं हे सगळं झालेलं दिसतंय, बरं वाटलं.

फॅड म्हणणाऱ्यांना मी दोनच गोष्टी सांगते. लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली ती १९०२ मध्ये. आणि तुम्ही बहुतेक जी गोळी घेताय ती मिथाइलफेनिडेट १९४४ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाली. नवीन एवढंच आहे की मुलं मोठी झाली की हे आपोआप जातं असं बरीच वर्षं मानलं जायचं, ते खरं नाही हे उशिरा कळलं. त्यात मुलींचं तर आणखी उशिरा, कारण बाकावर उड्या मारणारा मुलगा सगळ्यांना दिसतो, खिडकीतून बाहेर बघत बसलेली मुलगी कुणाला त्रासच देत नाही.

आता तुमचं काय चाललं असेल ते सांगते, चुकलं तर दुरुस्त करा. निदान झाल्यावर पहिले काही दिवस हलकं वाटतं, हुश्श होतं, मी आळशी नव्हते तर. नंतर राग येतो. कुणीतरी आधी का नाही ओळखलं, माझी बीएड दोनदा का अडकली, त्या बाई मला वर्गाबाहेर का उभं करायच्या, आईबाबांना कसं कळलं नाही. हा राग खरा आहे, त्याच्याबरोबर रडूही येतं, ते दाबू नका. आणि तिसरी अवस्था म्हणजे सगळ्यांत एडीएचडी दिसायला लागतो. भावात, मावशीत, सातवी ब मधल्या तीन पोरांत, बसच्या कंडक्टरमध्ये. तुमचं पत्र या तिसऱ्या अवस्थेतून आलंय असं मला वाटतं. त्याचा अर्थ तुमचं भावाबद्दल चुकतंय असा मुळीच नाही. हे आनुवंशिक आहे, जुळ्यांच्या अभ्यासांतून साधारण ७० ते ८० टक्के वाटा आनुवंशिकतेचा दिसतो, सख्ख्या भावात असण्याची शक्यता चांगलीच आहे. फक्त या अवस्थेत माणूस फार जोरात धावतो, आणि समोरच्याला ते अंगावर आल्यासारखं होतं.

भावाकडे जायच्या आधी तुमचं स्वतःचं. कारण तो तुमच्याकडे बघणार आहे, तुम्ही काय सांगता त्यापेक्षा तुमचं काय झालं ते बघणार आहे.

एडीएचडीत लक्ष नसतं हे अर्धवट आहे. लक्ष असतं, पण ते आपल्या हातात नसतं. आवडीच्या कामात चार तास पाणी प्यायचं भान राहत नाही आणि लाईट बिल भरायचं म्हटलं तर फोन हातात असून होत नाही. काय करायचं ते आपल्याला पक्कं माहीत असतं, माहीत असणं आणि उठून करणं यांच्या मधला पूल कच्चा असतो. म्हणून उपदेश लागू पडत नाही, उपदेशातून माहिती मिळते आणि माहिती तर आपल्याकडे आधीच भरपूर आहे. दुसरं म्हणजे वेळ. आमच्याकडे दोनच वेळा असतात, "आत्ता" आणि "मग". जे आत्ता नाही ते सगळं मग मध्ये जातं, उद्याही मग मध्ये आणि ३१ मार्चही मग मध्ये. मग एक दिवस ३१ मार्च आत्ता होतो आणि धावपळ सुरू होते. मराठीत आपल्यासाठी शब्द तयारच आहेत, वेंधळी, धांदरट, आरंभशूर, धरसोड वृत्तीची. हे शब्द इतकी वर्षं ऐकलेत की स्वतःबद्दल विचार करताना तेच वापरले जातात, ते आतून सुटायला गोळीपेक्षा जास्त वेळ लागतो.

गोळीबद्दल. डोस, प्रकार हे तुमच्या डॉक्टरांचं काम, मी त्यात पडणार नाही, पण लोकांना जे कुणी सांगत नाही ते सांगते. मिथाइलफेनिडेट तासाभरात काम सुरू करतं, साधी गोळी साधारण ३-४ तास टिकते, हळूहळू सुटणारी ८ ते १२ तास. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे एडीएचडीचं दुसरं औषध असेल तर त्याचा पूर्ण परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात, लोक दुसऱ्या आठवड्यात काही उपयोग नाही म्हणून सोडून देतात. भूक कमी होते, म्हणून सकाळी गोळीच्या आधी पोटभर खा. झोप जाते म्हणून दुपारनंतर डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. बीपी आणि नाडी दर काही आठवड्यांनी मोजून लिहून ठेवा, घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मिथाइलफेनिडेट एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळे प्रत्येक मेडिकलवाल्याकडे मिळत नाही आणि चिठ्ठीशिवाय तर नाहीच. आपला मेडिकलवाला ठरवून ठेवा आणि १० गोळ्या उरल्या की फोन करा. १० ही संख्या मी माझ्या स्ट्रिपवर स्केचपेनने लिहून ठेवते, कारण शेवटची गोळी हातात आल्यावर आठवून काही उपयोग नसतो. आणि अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून अ‍ॅडरॉल, म्हणजे तिकडची एडीएचडीची गोळी, मागवू का असं बरेच जण विचारतात, नका मागवू, ते भारतात विकायला नाही आणि असं कुरिअरने आलेलं पाकीट तुम्हाला कायद्याच्या लफड्यात अडकवू शकतं.

गोळी तुम्हाला खुर्चीत बसवते, कशासाठी बसायचं ते ती ठरवत नाही. माझ्याकडे एक जण यायचे, त्यांनी पहिल्या आठवड्यात गोळी घेऊन सलग ४ तास मोबाइलमधले फोटो वर्षांप्रमाणे लावले, फार मन लावून, आणि ज्या टेंडरसाठी सुट्टी काढली होती ते तसंच राहिलं. म्हणून गोळी घ्यायच्या आधी, आदल्या रात्रीच, एका चिठ्ठीवर एकच काम लिहून ती पाण्याच्या तांब्याखाली ठेवायची. सकाळी पाणी प्यायला तांब्या उचलला की चिठ्ठी हातात.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून पेपर तपासायचं उदाहरण घेते, कारण माझ्याकडे येणाऱ्या शिक्षकांचं निम्मं दुखणं तेच असतं. ६० पेपरांचा गठ्ठा घरी येतो, कपाटावर बसतो, दोन आठवडे रोज दिसतो, रोज अपराधी वाटतं, आणि शेवटच्या रात्री ३ वाजेपर्यंत जागून संपतो. एका बाईंबरोबर आम्ही असं केलं. गठ्ठा सोडला, ५-५ पेपरांचे १२ छोटे गठ्ठे केले, प्रत्येकाला रबरबँड. घरी एकही न्यायचा नाही. स्टाफरूममध्ये एका सहकारी बाईंना सांगून ठेवलं की ऑफ तासाला मी तुमच्या शेजारी बसणार, तुम्ही तुमचं काम करा, माझ्याशी बोलू नका, फक्त बसा. एका ऑफ तासाला एक किंवा दोन गठ्ठे. सगळ्यांचा पहिला प्रश्न आधी तपासायचा, मग दुसरा, असं केल्याने त्यांचं डोकं कमी भरकटायचं. रबरबँड काढला की तो मनगटात घालायचा. पाचव्या-सहाव्या दिवशी १२ रबरबँड मनगटात होते आणि त्या स्टाफरूममध्येच रडल्या, १६ वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा पेपर वेळेत दिले म्हणून. शेजारी नुसतं कुणीतरी बसणं याला हल्ली बॉडी डबलिंग म्हणतात, आपल्याकडे पूर्वी पोरांना आजीच्या समोर पाटावर बसवून अभ्यास करायला लावायचे ते हेच.

सगळ्या उपायांमागची युक्ती एकच आहे. आठवण डोक्यात ठेवायची नाही, जिथे काम होणार तिथे ठेवायची. आपल्या आया कॅलेंडरवर दूधवाल्याचे खाडे मांडायच्या, गॅस लावल्याची तारीख लिहायच्या, पेन दोरीने तिथेच लटकवलेला. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तो दोरीचा पेन फार महत्त्वाचा, पेन शोधायला आत गेलं की काम संपलं. तर गोळ्यांची ७ कप्प्यांची डबी चहाच्या डब्यावर ठेवा, औषधाच्या कपाटात नको. किल्ली दारामागच्या हुकला. उरलेली भाजी, कोथिंबीर काचेच्या किंवा पारदर्शक डब्यात, स्टीलच्या डब्यात गेलेली वस्तू आपल्यासाठी जगातून गेलेली असते. बिलं ऑटोपेवर. अलार्मला "पेपर" असं नाव देऊ नका, "उठ, पिशवीतून ५ पेपर काढ" असं द्या, नाव जितकं हातापायांना सांगणारं तितकं काम होतं. अ‍ॅप एकच, आणि ते बदलायचं नाही असं सहा महिन्यांसाठी ठरवून टाका, नवीन अ‍ॅप लावण्यात आपल्याला जो उत्साह येतो तो कामाचा नसतो.

मिस्टरांबद्दल थोडंच लिहिते. ते चिडलेत कारण इतकी वर्षं तुमच्या डोक्यातलं कॅलेंडर तेच चालवतायत, गॅस बंद केलास का, फी भरलीस का, आणि त्याबद्दल त्यांना शिव्याच मिळाल्यात, कटकट करता म्हणून. निदानानंतर त्यांना भीती वाटते की आता याला आजाराचं नाव मिळालं म्हणजे हे कायमचं आपल्या गळ्यात. हे त्यांना विचारून बघा, असंच आहे का म्हणून. आणि एक करार करा. आठवण ते एकदाच करून देणार, ती तुम्ही सांगाल त्या पद्धतीने, म्हणजे फ्रिजवर लिहून किंवा मेसेज करून, पाठीमागून ओरडून नाही. आणि दोन कामं पूर्णपणे तुमची, ज्यात ते बोलणारच नाहीत, विसरलात तर त्याचे परिणाम तुम्ही बघाल. आमच्या घरात गॅस सिलिंडर आणि गाडीचा विमा माझ्याकडे आहेत. गॅस पहिल्या वर्षी दोनदा संपला, नवरा काही बोलला नाही, बाहेरून जेवण आणलं. तिसऱ्यांदा संपला नाही. मिस्टरांना एकदा डॉक्टरांकडे सोबत न्या, तुमच्या तोंडून ऐकलेलं आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं यात फरक पडतो, ते तुमच्याबद्दल काही नाही, घरोघरी असंच आहे.

आता भाऊ.

पहिली गोष्ट, त्याला "तुला एडीएचडी आहे" असं म्हणू नका. ते खरं असलं तरी म्हणू नका. ३३ वर्षं त्याने आळशी, बेजबाबदार, कशातच टिकत नाही हे ऐकलंय, त्यात मोठ्या बहिणीने आणखी एक शब्द आणून चिकटवला असंच त्याला वाटेल. रील्स पाठवू नका. मी असं बघितलंय की भावाबहिणींच्या ग्रुपवर रोज दोन रील्स पडतात आणि तिसऱ्या आठवड्यात तो ग्रुप म्यूट होतो, आणि मग खरं बोलायची वेळ येते तेव्हा दार आधीच लागलेलं असतं. त्यापेक्षा तुमचं सांगा. प्रगतीपुस्तकाचं, बीएडचं, कपाटावरच्या गठ्ठ्याचं. गोळी घेतल्यावर पहिल्या दिवशी काय वाटलं ते. त्याच्याबद्दल एक शब्द न बोलता एवढंच सांगून थांबा, आणि विषय बदला. ज्याला आतून ओळख पटते तो दोन दिवसांनी, दोन महिन्यांनी स्वतः विचारतो, "ताई, तुला ते कसं कळलं गं?" तो प्रश्न येईपर्यंत थांबणं फार अवघड आहे, आपल्यासारख्याला तर फारच, पण तेच करायचं.

तो प्रश्न आला की तयारी हवी. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांच्या एडीएचडीसाठी एएसआरएस नावाची प्रश्नावली आहे, तिच्या पहिल्या भागात ६ प्रश्न आहेत, ४ किंवा जास्त उत्तरं ठरावीक रकान्यात आली तर पुढे तपासणी करावी असं समजतात. त्यातून निदान होत नाही, डॉक्टरकडे जायचं की नाही एवढंच कळतं, हे त्यालाही सांगा. आणि मग सगळ्यात मोठी मदत करा, जी कुणाला मदत वाटतच नाही: अपॉइंटमेंट तुम्ही घ्या. फोन लावणं, वेळ विचारणं, फी विचारणं, पत्ता पाठवणं. एडीएचडीवाल्याचं निदान एडीएचडीमुळेच राहतं, कारण तो फोन "मग" मध्ये पडून राहतो. दिवस ठरला की आदल्या संध्याकाळी आणि निघायच्या तासभर आधी फोन करा, आणि शक्य असेल तर पुण्याला जाऊन सोबत बसा. सरकारी ठिकाणी जायचं असेल तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग असतो, येरवड्याला प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, नाव ऐकून तो दचकेल, ओपीडीत साधी माणसं साध्या रांगेत बसलेली असतात एवढंच त्याला सांगा. ठाण्याला १९९० पासून आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, मुंबईकडे कुणी असेल तर तिथेही चौकशी करता येते. आणि कुठे जायचं हेच कळत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात.

एक गोष्ट मात्र थांबून चालणार नाही. ४ नोकऱ्या गेल्या, कर्ज आहे, एकटा राहतो. त्याला सरळ विचारा झोप कशी आहे, दारू किती होते, तंबाखू-मावा किती, आणि जगण्याचा कंटाळा येतो का, जीव द्यावासा वाटतो का. हा शेवटचा प्रश्न विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेला विचार येत नाही, उलट विचारल्यावर माणूस मोकळा होतो, हे मी खोलीत बसून बरेचदा बघितलंय. मोठ्या वयापर्यंत न ओळखलेल्या एडीएचडीत डिप्रेशन आणि व्यसन बरोबर असणं अगदी कॉमन आहे, आणि ते असेल तर डॉक्टर आधी त्याकडे बघतील. उत्तर हो आलं तर एडीएचडीचा विषय बाजूला, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पैशांचं. तुम्ही लिहिलंय की दोनदा त्याचं कार्ड भरून दिलंत. तिसऱ्यांदा देण्याआधी एक रविवार त्याच्याशेजारी बसा आणि कुणाला किती देणं आहे ते एका कागदावर त्याच्याच हाताने लिहून काढा. हे मी शेकडो वेळा केलंय, आकडा बहुतेकदा त्याच्या मनातल्या भीतीपेक्षा कमी निघतो आणि घरच्यांना सांगितलेल्यापेक्षा जास्त. बिलाचं पाकीट न उघडणं, बँकेचा फोन न उचलणं ही लाज असते ताई, फसवणूक नसते. कागद झाल्यावर मोबाइलमधून कार्ड काढून टाकणं, सगळ्या हप्त्यांची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवशी आणणं, हे दोघं मिळून करता येतं. भरून देणं दर वेळी गरजेचं नसतं. दर वेळी भरलंत तर तो कागद कधीच होत नाही.

आता सुरुवातीला जे म्हटलं होतं ते, थोडी आणि ठरवून. माझं निदान झाल्यावर वर्षभरात मी मोठ्यांच्या एडीएचडीसाठी आधारगट सुरू केला. दर शनिवारी, माझ्याच क्लिनिकमध्ये, फी नाही, चहा माझा. पहिल्या दिवशी ९ जण आले, तिसऱ्या आठवड्यात १७. मी रात्रंदिवस त्याच विचारात, फॉर्म, माहितीपत्रकं, एकेकाला वेगळे फोन. सहाव्या शनिवारी मी गेलेच नाही. विसरले नव्हते, आतून दिवाच विझला होता, आणि कळवायलाही फोन उचलवला नाही. ते सगळे दारात पाऊण तास उभे होते. त्यातल्या एका मुलीने नंतर मला लिहिलं की सगळे जण मला असंच सोडतात, तुम्हीपण. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. ज्यांना मी सगळ्यात जास्त समजू शकत होते त्यांनाच मी दारात उभं ठेवलं, आणि कारण हेच की मला झेपेल त्याच्या चौपट मी कबूल केलं होतं. सहा महिन्यांनी एकेकाला फोन करून माफी मागितली आणि गट परत सुरू केला, महिन्यातून एकदा, पहिल्या शनिवारी, दीड तास. एक सहकारी बाई आहेत, त्यांना एडीएचडी नाही, किल्ली त्यांच्याकडे असते, मी आले नाही तरी दार उघडतं. ११ वर्षं झाली, चालू आहे.

म्हणून भावाला "मी आहे ना, रोज बोलू आपण" असं म्हणू नका. या क्षणी तुम्हाला ते अगदी खरं वाटतंय हे मला माहीत आहे. त्यापेक्षा रविवारी सकाळी ११ वाजता १० मिनिटांचा फोन, एवढंच कबूल करा आणि अलार्म दोघांच्याही मोबाइलमध्ये लावा. तुमचा फोन नाही आला तर त्याने लावायचा, आणि त्यात कुणी कुणाला बोलायचं नाही. तुमच्या घरात किल्ली धरणारं दुसरं कुणी आहे का ते बघा, वहिनी, चुलतभाऊ, त्याचा एखादा जुना मित्र. पैशांचं त्या माणसाने बघायचं, डॉक्टरांचं तुम्ही, असं वाटून घेतलं तर भावाला जास्त दिवस पुरेल.

वर्गातल्या पोरांबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय. पालकांना बोलावून आजाराचं नाव सांगू नका, काय दिसलं ते तारखेसह सांगा: या आठवड्यात ३ वेळा वही घरी राहिली, गणित येतं पण चौथ्या उदाहरणानंतर उठतो. नाव डॉक्टर देतील. तोपर्यंत त्याला खिडकीपासून लांब, तुमच्या जवळच्या बाकावर बसवा, एका वेळी एकच सूचना द्या, आणि फळा पुसायला, खडू आणायला त्यालाच उठवा, त्याचं उठणं कामी येतं. आणि पालक सर्टिफिकेटबद्दल विचारतील तर हे लक्षात ठेवा की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता, म्हणजे लिहिण्या-वाचण्यातली अडचण, आहे, एडीएचडी वेगळा दिलेला नाही. मुलाला दोन्ही असू शकतं, त्यामुळे लिहिण्या-वाचण्याची तपासणीही करून घ्यायला सांगा.

राहिली आई. ती विचारेल, माझंच काही चुकलं का, मी लक्ष दिलं नाही का. तिला सांगा की हे उंचीसारखं रक्तातून येतं, वाढवण्यातून येत नाही. तुम्हाला तिच्यावर राग असेल तर तो याच बैठकीत काढू नका, त्याला वेगळी वेळ द्या, द्या मात्र नक्की. माझी आई त्या दिवशी डॉक्टरांकडून येताना रिक्षात माझा हात धरून बसली होती, आमच्याकडे असं हात वगैरे धरायची पद्धत नाही. घरी आल्यावर ती तिच्या भावाबद्दल बोलायला लागली, माझा मामा, तीन दुकानं काढली आणि तिन्ही बंद पडली. तुमच्या आईकडेही असं बरंच असणार. भाऊ तयार झाला तर त्याच्या तपासणीला आईला बरोबर न्या, लहानपणचं तिच्याइतकं कुणाला आठवणार. त्याची प्रगतीपुस्तकं शोधायला तिला आत्तापासूनच सांगून ठेवा, आणि सापडली की आदल्या रात्रीच पिशवीत भरून पिशवी दाराच्या कडीला अडकवून ठेवा.